पुण्यातील क्राफ्ट बिअर आणि पेण-रोहा परिसरातील माडी-ताडी : स्थानिक किण्वित पेयांचा तुलनात्मक परिचय

प्रस्तावना

पेण शहरातील गणेशमूर्तींचे कारखाने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना 'कारागिरी' या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मूर्तीचा साचा अनेकांकडे सारखाच असू शकतो. परंतु डोळ्यांची आखणी ज्या हाताने होते, त्या हातावर मूर्तीची ओळख ठरते. 'क्राफ्ट बिअर' या संज्ञेतील 'क्राफ्ट' हा शब्द याच अर्थाने वापरला जातो. मोठ्या कारखान्यात लाखो बाटल्या एकाच चवीच्या तयार होतात. लहान निर्मात्याच्या बिअरमध्ये मात्र त्याचा हात, त्याचे पाणी, त्याने निवडलेले धान्य आणि त्याचे गाव यांची खूण उमटते.

मद्य या विषयाकडे आपल्याकडे प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक नैतिक दृष्टी, जी त्यास व्यसन मानते आणि दुसरी शासकीय दृष्टी, जी त्यास महसूल मानते. या दोन्ही दृष्टींचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि किण्वित पेय हे शास्त्र, श्रम, भूगोल आणि कायदा यांच्या संयोगातून घडणारी वस्तूही आहे आणि त्या अंगाने मराठीत फारसे लेखन होत नाही. प्रस्तुत लेखाचा प्रयत्न त्या दिशेने आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक वाटते.

लेखाची उद्दिष्टे

१) क्राफ्ट बिअरची संकल्पना, घडण व आस्वादपद्धती यांचा परिचय करून देणे.
२) शहर आणि बिअर यांचा परस्परसंबंध काही उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे.
३) पेण-रोहा परिसराला परिचित असलेल्या माडी-ताडीशी क्राफ्ट बिअरची तुलना करून दोन्ही पेयांच्या वाट्याला आलेल्या भिन्न स्थितीची कारणे शोधणे.

क्राफ्ट बिअरची घडण

बिअरचे मूळ घटक चार आहेत : जव म्हणजेच बार्ली, पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट. जव भिजवून त्यास मोड आणतात व नंतर ते वाळवून भाजतात. यास माल्ट म्हणतात. मोड येताना धान्यात जी विकरे तयार होतात, ती पुढे गरम पाण्यात पिष्टाचे रूपांतर साखरेत करतात. माल्ट कमी भाजले तर बिअर सोनेरी होते, अधिक भाजले तर तिला तांबूस वा काळसर रंग आणि कॉफीसारखा वास येतो. हा गोड काढा गाळून हॉप्ससह उकळतात. त्यामुळे कडवटपणा व सुगंध येतो आणि पेय काही प्रमाणात टिकाऊही होते. काढा थंड झाल्यावर त्यात यीस्ट घालतात आणि किण्वन सुरू होते.

साधारणतः १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात किण्वन झालेल्या बिअरला 'एल' आणि ७ ते १३ अंशांत संथपणे किण्वन झालेल्या बिअरला 'लागर' म्हणतात. बव्हेरियात १५१६ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी केवळ जव, हॉप्स व पाणी यांनाच मान्यता होती. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण त्याचे कार्य तेव्हा अज्ञात होते. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी शुद्ध यीस्टचे संवर्धन साध्य केले. त्यानंतरच बिअरची चव प्रत्येक वेळी सारखी ठेवणे कारखान्यांना शक्य झाले.

या सारखेपणाचीच पुढे प्रतिक्रिया उमटली. विसाव्या शतकात मोठ्या कंपन्यांची एकसुरी बिअर सर्वत्र पसरली, तेव्हा ब्रिटनमध्ये १९७१ साली पारंपरिक एल वाचविण्यासाठी ग्राहकांची चळवळ उभी राहिली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७६ मध्ये 'न्यू अल्बियन' ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरनिर्मितीवरील संघराज्य पातळीवरची बंदी उठविली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कारागिराचे कौशल्य आणि ग्राहकाची आवड यांच्याइतकाच कायद्याने उघडलेला दरवाजाही या चळवळीस कारणीभूत होता.

शहर, पाणी आणि बिअर

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. त्यामुळे जुन्या काळी शहराचे पाणी हीच त्या शहराच्या बिअरची प्रकृती असे. इंग्लंडमधील बर्टन या गावचे पाणी जड व गंधकयुक्त क्षारांचे असल्याने तेथील फिकट एल खणखणीत कडवट लागे. चेक प्रजासत्ताकातील पिल्सेन शहराचे पाणी अतिशय मृदू आहे. तेथे १८३८ मध्ये नागरिकांनी बिघडलेल्या बिअरची पिंपे भर चौकात ओतून दिली आणि पुढे एकत्र येऊन स्वतःची ब्रुअरी बांधली. या ब्रुअरीत १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने जी सोनेरी लागर तयार केली, तिच्याच असंख्य प्रतिकृती आज जगभर विकल्या जातात. आपल्याकडील हिरव्या-तपकिरी बाटल्यांतील बहुतेक बिअर याच घराण्यातील होय. एखादे शहर बिअरप्रेमी आहे ते किती बिअर पिते यावरून ठरविले जाते. पिल्सेनचे उदाहरण मात्र असे सुचविते की, वाईट बिअर नाकारण्याची तयारी हेच त्याचे खरे लक्षण मानावे.

पाण्याचा हा संबंध महाराष्ट्रात निराळ्या रीतीने समोर आला. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे राज्यातील बिअर उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाणीपुरवठ्यात ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला होता. रायगड जिल्ह्यातही तळोजा औद्योगिक वसाहतीत बिअरचा मोठा कारखाना आहे. परंतु ही शहरे बिअर तयार करतात. ती चाखण्याची संस्कृती त्यांच्या नावाशी जोडलेली नाही. महाराष्ट्रात ती जोडली गेली पुण्याशी.

पुण्यातील क्राफ्ट बिअर

पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. ती राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. तिच्या नावामागे मराठी मुलखातलाच संदर्भ आहे. नाशिकजवळच्या देवळाली येथे मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत थांबलेले ब्रिटिश सैनिक उष्म्याने व कंटाळ्याने भ्रमिष्ट होत, अशी समजूत होती. त्यावरून देवळालीचा अपभ्रंश 'डूलाली' हा वेडसरपणाचा निदर्शक शब्द म्हणून इंग्रजी बोलीत रूढ झाला. पुढील काळात कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर आदी भागांत आणखी मायक्रोब्रुअरी निघाल्या.

मायक्रोब्रुअरीचे वैशिष्ट्य असे की, बिअर जेथे तयार होते तेथेच ती टाकीतून पेल्यात येते. बाटलीबंद बिअरप्रमाणे तिचे निर्जंतुकीकरण केलेले नसल्याने ती ताजी असते आणि लवकर खराबही होते. ताजेपणा हा तिचा गुण आहे आणि मर्यादाही. धान्य व हॉप्स बहुधा परदेशांतून वा उत्तर भारतातून येत असले, तरी पुण्याच्या निर्मात्यांनी स्थानिक चवींचे प्रयोग केले. ग्रेट स्टेट एलवर्क्स यांनी कोकम व मीठ वापरून केलेली आंबट बिअर हे त्यांपैकी प्रसिद्ध उदाहरण. कोकणातल्या घरोघरच्या सोलकढीचे फळ घाट चढून गेले आणि तेथे त्याला बिअरमध्ये प्रतिष्ठा मिळाली, ही घटना कोकणात राहणाऱ्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

आस्वादाची पद्धती

प्रस्तुत लेखकाने रोह्याहून कोलाड, ताम्हिणी व मुळशीमार्गे पुण्यास जाऊन अशा एका ठिकाणी बिअर चाखण्याची पद्धत पाहिली. एका लाकडी पट्टीवर चार लहान पेले मांडून देतात. क्रम फिकट व सौम्य बिअरपासून गडद व कडवट बिअरकडे जाणारा असतो. उलट क्रमाने चाखल्यास कडवटपणाने जीभ बधिर होते आणि सौम्य बिअरची चवच कळत नाही. आस्वादाच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१) रंग व फेस : पेला उजेडात धरून पाहावा. गव्हाच्या बिअरमध्ये गढूळपणा अपेक्षित असतो, पिल्सनरमध्ये तो दोष ठरतो.
२) गंध : पेला हलकेच फिरवून वास घ्यावा. गव्हाच्या जर्मन धर्तीच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो. तिच्यात केळे वा लवंग घातलेली नसते. विशिष्ट यीस्टच किण्वनाच्या वेळी ती गंधद्रव्ये तयार करते.
३) चव : लहान घोट घेऊन तो तोंडात सर्वत्र फिरवावा. गोडी माल्टची, कडवटपणा हॉप्सचा आणि आंबटपणा असल्यास तो जिवाणूंचा वा फळांचा, असे पृथक्करण करावे.
४) जडपणा : पेय जिभेवर पाण्यासारखे हलके वाटते की ताकासारखे दाट, हे पाहावे.
५) मागे राहणारी चव : घोट गिळल्यानंतर काय उरते आणि किती वेळ उरते, यावरून बिअरचा तोल समजतो.

दोष ओळखणे हाही आस्वादाचाच भाग आहे. कच्च्या सफरचंदासारखा वास आल्यास किण्वन अपुरे राहिल्याची, लोण्यासारखा वास आल्यास यीस्टला पुरेसा अवधी न मिळाल्याची व व्हिनेगरसारखा वास आल्यास जिवाणूंचा शिरकाव झाल्याची शक्यता असते. अतिथंड बिअरमध्ये हे गुणदोष लपतात. भारतीय बाजारपेठेत अधिक मद्यार्क असलेल्या 'स्ट्राँग' बिअरचा वाटा मोठा आहे आणि ती बर्फासारखी थंड पिण्याची रीत आहे. चवीपेक्षा नशेला महत्त्व असल्याचेच हे लक्षण होय. आस्वादपद्धतीचा मुख्य लाभ असा की, ती माणसाला थांबावयास लावते. चार लहान पेल्यांवर तासभर चर्चा होते आणि मात्रा मर्यादित राहते.

पेण-रोहा परिसरातील माडी आणि ताडी

पुण्यात वरील पायऱ्या समजावून घेत असता प्रस्तुत लेखकास वारंवार आठवण झाली ती रोहा तालुक्यातील एका वृद्ध भंडारी गृहस्थांची. माडी काढण्याचे काम त्यांनी उमेदीच्या वयात केले होते. सूर्योदयापूर्वी उतरविलेली, न्याहारीच्या वेळची आणि दुपार टळल्यानंतरची माडी ही त्यांच्या लेखी तीन वेगळी पेये होती. पहिली गोड, दुसरी जिभेला चुरचुरणारी, तिसरी आंबट. कोणत्या झाडाची माडी आहे हे वासावरून सांगता येते, असेही त्यांचे म्हणणे होते. पुण्यातील आस्वादपद्धतीची परिभाषा त्यांच्यापाशी नव्हती. पण ती पद्धती त्यांच्यापाशी होती.

नारळाच्या झाडाची ती माडी, ताडाच्या झाडाची ती ताडी आणि शिंदीच्या झाडाची ती शिंदी. माडी काढण्यासाठी माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून काही दिवस हलक्या हाताने ठोकतात. मग तिचे टोक दररोज धारदार कोयत्याने पातळ कापतात आणि खाली मडके अडकवितात. गळणाऱ्या रसात साधारणतः दहा ते बारा टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना लावल्यास किण्वन रोखले जाते व नीरा मिळते. चुना नसल्यास हवेतील व मडक्यातील यीस्ट आणि जिवाणू लगेच कामाला लागतात. काही तासांतच मद्यार्काचे प्रमाण चार ते सहा टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे सामान्य बिअरइतके होते, आणि दुसऱ्या दिवशी पेय व्हिनेगरकडे झुकते. वसई व गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत सान्नांसारखे पदार्थ फुगविण्यासाठी माडीचा उपयोग परंपरेने होत आला आहे, तो याच सूक्ष्मजीवांमुळे.

म्हणजे क्राफ्ट बिअरची म्हणून जी लक्षणे सांगितली जातात ती, म्हणजे ताजेपणा, स्थानिक कच्चा माल, अल्प मद्यार्क, निर्मात्याचे हस्तकौशल्य आणि रोज बदलणारी चव, माडीत पूर्णांशाने आढळतात. किंबहुना आयात माल्ट व हॉप्सवर अवलंबून असलेल्या बिअरपेक्षा माडी अधिक स्थानिक आहे. असे असता एका पेयाला शहरात प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला गावात संशय, हे कसे घडले ?

कायद्याची पार्श्वभूमी

याचे उत्तर चवीत सापडत नाही. ते अबकारीच्या इतिहासात सापडते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी नियंत्रण घट्ट केले. माडी-ताडीच्या झाडांवर दर झाडामागे कर होता आणि मद्याचे उत्पादन मोजक्या ठिकाणी एकवटण्यावर भर होता. कारण स्पष्ट आहे. भट्टीतून निघालेली दारू मोजता येते, साठविता येते व तिच्यावर कर बसविता येतो. हजारो झाडांवर विखुरलेले आणि दिवसभरात आंबणारे पेय कराच्या जाळ्यात पकडणे अवघड असते. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. आजचा रायगड जिल्हा, व त्यातील पेण आणि रोहा हे तालुके, त्याच जुन्या कुलाबा जिल्ह्यातले. महाराष्ट्र शासनाने आदिवासींवरील मोहफुलांच्या संकलनाचे निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला तो २०२१ मध्ये.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्व आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम यांमुळे सर्वच मद्ये बंदीच्या कक्षेत आली. १९६० च्या दशकात बंदी शिथिल झाली. माडी-ताडीसाठी १९६८ चे नियम आले. त्यांनुसार झाडे छेदण्यास आणि दुकानास परवाना लागतो. झाडावर चढणारा कारागीर आणि दुकानाचा परवानाधारक या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या. पेय जेथे तयार होते तेथेच, निर्मात्याच्या हातून, ग्राहकाला मिळावे ही जी सोय मायक्रोब्रुअरीला मिळाली, तशी सोय माडी काढणाऱ्याच्या वाट्यास आली नाही.

याचे परिणाम गंभीर आहेत. अस्सल माडी-ताडीचा पुरवठा जेथे आटला, तेथे क्लोरल हायड्रेटसारखी रसायने पाण्यात मिसळून बनावट ताडी विकण्याचे प्रकार राज्यात वारंवार उघडकीस आले आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. हे सर्व बळी गरीब वस्त्यांतील होते. पुण्यातील ग्राहकाला बिअर आंबट लागली तर तो पेला परत करू शकतो. मजूर ग्राहकाला तो अधिकार नाही, आणि त्याच्या पेल्यातील दोष जिवावर बेततो.

दुसरीकडे, पेण-रोह्याकडील तरुणांना धाटाव व नागोठणे येथील कारखान्यांनी आणि मुंबईच्या नोकरीने वेगळी वाट दाखविली. ती वाट चुकीची म्हणता येणार नाही; माडावर चढणे जोखमीचे काम आहे आणि त्यात प्रतिष्ठा नाही. परंतु चढणारे हात थांबले की कौशल्यही थांबते. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या मुलांपैकी कोणीही हे काम शिकलेले नाही.

आक्षेप आणि मर्यादा

या विवेचनावर एक रास्त आक्षेप असा घेता येईल की, दारूने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांचे दुःख यात दिसत नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांत स्त्रियांनी मतदानाने 'आडवी बाटली' करून दुकाने बंद पाडली आहेत. त्यांचा अनुभव कोणत्याही आस्वादशास्त्रापेक्षा मोठा आहे. मद्यार्क हा कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात मोडतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेचे वर्गीकरण आहे आणि ते पुण्याच्या पेल्याला व रोह्याच्या मडक्याला सारखेच लागू पडते. माडी नैसर्गिक आहे म्हणून निर्दोष आहे, असा दावा करता येणार नाही. तुलनेचा मुद्दा इतकाच आहे की, सारख्याच मद्यार्काच्या दोन पेयांना सारख्याच कसोट्या लावल्या जाव्यात.

निष्कर्ष

१) क्राफ्ट बिअरचे मूल्य ताजेपणा, स्थानिकता व हस्तकौशल्य यांत आहे. ही तीनही मूल्ये माडी-ताडीत पूर्वापार आहेत.
२) पुण्यात क्राफ्ट बिअर रुजली ती ग्राहकांच्या आवडीने, परंतु निर्मात्याला जागेवरच विक्रीची कायदेशीर मुभा नसती, तर ती आवड निष्फळ ठरली असती.
३) माडी-ताडीची घसरण केवळ रुची बदलल्याने झालेली नाही, विखुरलेल्या व नाशवंत पेयाला न मानवणारी कररचना हे तिचे एक प्रमुख कारण आहे.
४) गोव्याने काजूच्या फेणीसाठी २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळविला. ज्या वर्षी पुण्यात मायक्रोब्रुअरी आली, त्याच वर्षी शेजारच्या राज्यात देशी पेयाला नाव व संरक्षण मिळाले, हे कोकणातील धोरणकर्त्यांनी विचारात घेण्याजोगे आहे.
५) चढणाऱ्या कारागिरास स्वतःच्या नावाने, मर्यादित प्रमाणात व तपासणीच्या अधीन राहून विक्रीचा परवाना देता येईल काय, आणि नीरेच्या उत्पादनास त्याची जोड देता येईल काय, याचा अभ्यास होणे गरजेचे आहे. ज्या गावातील स्त्रियांचा विरोध असेल, तेथे अर्थातच त्यांचा शब्द अंतिम असावा.

पिल्सेनच्या नागरिकांनी वाईट बिअर ओतून दिली, कारण चांगली बिअर कशी असते हे त्यांना ठाऊक होते. पेण-रोह्यात चांगली माडी कशी असते हे ठाऊक असणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्याकडून ते ज्ञान नोंदवून घेण्यास परवान्याची आवश्यकता नाही. हे काम परिसरातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, इतिहास व मराठी विभाग एकत्रितपणे आजही हाती घेऊ शकतात.